गिळण्याची थेरपी लागू पडली का, हे कसं ओळखायचं? पार्किन्सन्ससाठी मोजमापाची पद्धत

पार्किन्सन्समधल्या गिळण्याच्या त्रासावर उपचार सुरू होऊन काही आठवडे झाले की सगळे एकच प्रश्न विचारतात, "काही फरक पडला का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, हल्ली ठसका कमी लागतो." एवढ्यावर समाधान मानू नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे. ठसका कमी लागणं ही चांगली खूण असू शकते आणि धोक्याचीही. कोणती, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

कारण या आजारात गिळण्याबरोबर गिळण्याची जाणीवही मंदावते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, नुसतं विचारल्यावर साधारण ३५ टक्के लोकांनी त्रास असल्याचं सांगितलं. यंत्राने किंवा प्रत्यक्ष चाचणीने तपासलं तेव्हा मात्र हे प्रमाण ८२ टक्क्यांवर गेलं. पाणी श्वासनलिकेत उतरतं, पण घशाला ते कळत नाही आणि खोकलाच येत नाही, असं पार्किन्सन्समध्ये वारंवार घडतं. अन्न-पाणी फुफ्फुसात गेल्याने होणारा न्यूमोनिया हे या आजारातल्या मृत्यूंचं एक प्रमुख कारण आहे. म्हणून "बरं वाटतंय" आणि "बरं आहे" या दोन गोष्टी इथे वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

हा लेख मुख्यतः स्पीच थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्टसाठी आहे. पण घरी काळजी घेणारे शुभंकर आणि स्वतः शुभार्थी, म्हणजे पार्किन्सन्स असलेली व्यक्ती, यांनाही यातलं बरंच काही करता येईल. कुठली गोष्ट घरी करायची नाही, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

पायरी १: उपचाराआधी ठरवा, सुधारणा म्हणजे नेमकं काय

गिळण्याच्या त्रासाला तीन बाजू आहेत. पहिली सुरक्षितता, म्हणजे घास किंवा घोट श्वासमार्गाकडे वळतो का. दुसरी कार्यक्षमता, म्हणजे गिळून झाल्यावर घशात किती उरतं, एका घासाला किती वेळा गिळावं लागतं, जेवण किती वेळ चालतं. तिसरी बाजू माणसाच्या जगण्याची आहे. तो काय खाऊ शकतो, चारचौघांत जेवायला बसतो का, जेवणाची धास्ती वाटते का.

या तिन्ही बाजू एकाच दिशेने सरकतीलच असं नाही. पाणी घट्ट करून दिलं की ते श्वासमार्गात जाण्याचं प्रमाण कमी होतं, पण घशात अधिक उरू शकतं आणि माणूस पाणी पिणंच कमी करतो. मग उपचार यशस्वी झाला की नाही? उत्तर तुम्ही आधी काय ठरवलं होतं त्यावर आहे.

म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी एक मुख्य माप निवडा आणि कागदावर लिहून ठेवा. ते उपचाराच्या कार्यपद्धतीशी जुळणारं असावं. उच्छ्वासाच्या स्नायूंचा व्यायाम देणार असाल, तर खोकल्याचा जोर आणि श्वासमार्गाची सुरक्षितता मोजा. पडद्यावर स्वतःचं गिळणं पाहून सुधारण्याची थेरपी असेल, तर घशात उरणारा अंश मोजा. औषधांच्या वेळा बदलणार असाल, तर जेवणाला लागणारा वेळ पाहा. सोबत दोन-तीन दुय्यम मापं ठेवा. उपचारानंतर दहा आकडे समोर ठेवून त्यातला सुधारलेला आकडा शोधायचा, हे करू नका. दहांमधला एखादा तर योगायोगानेही सुधारलेला सापडतो.

पायरी २: गोळीची वेळ सांभाळा

सगळ्यात जास्त मोजमापं इथे बिघडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

लेवोडोपा हे पार्किन्सन्सचं मुख्य औषध. त्याचा असर चढतो आणि उतरतो. 'ऑन' काळात हालचाली मोकळ्या असतात, 'ऑफ' काळात आखडतात. गिळण्यावर लेवोडोपाचा परिणाम माणसागणिक वेगळा असतो. काहींचं गिळणं स्पष्टपणे सुधारतं, अनेकांमध्ये फारसा फरक दिसत नाही, आणि गोळीचा असर शिखरावर असताना अनैच्छिक हालचाली वाढल्या तर खाणं अवघडही होतं. आता समजा, पहिली चाचणी सकाळी गोळी घेण्याआधी झाली आणि दुसरी, थेरपीनंतरची, गोळी घेतल्यावर तासाभराने. आकडा सुधारलेला दिसेल. श्रेय मात्र थेरपीला द्यायचं की गोळीला, हे कुणालाच सांगता येणार नाही.

प्रत्येक चाचणीच्या कागदावर चार गोष्टी लिहाच: शेवटची गोळी किती वाजता घेतली, त्यानंतर किती मिनिटांनी चाचणी सुरू झाली, शुभार्थीच्या मते तो त्या वेळी ऑन होता की ऑफ, आणि मागच्या चाचणीनंतर कुठलंही औषध किंवा डोस बदलला का. मेंदूत बसवलेलं उत्तेजन यंत्र असेल, तर त्याच्या सेटिंगमधले बदलही नोंदवा. पुढची चाचणी गोळीनंतर तितक्याच मिनिटांनी घ्या. जमलं तर ऑन आणि ऑफ अशा दोन्ही अवस्थांत मोजा, कारण शुभार्थी दिवसभर दोन्ही अवस्थांत जेवत-पीत असतो. पण चाचणीसाठी मनाने गोळी पुढे ढकलू नका. ते न्यूरोलॉजिस्टला विचारूनच करायचं.

पायरी ३: सुरुवातीची पातळी एकदा मोजून भागत नाही

पार्किन्सन्समध्ये एकच माणूस सोमवारी आणि गुरुवारी वेगळा असतो. झोप, बद्धकोष्ठता, ताण, सगळ्याचा असर होतो. उपचाराआधी वेगवेगळ्या दिवशी निदान दोनदा मोजा, तीनदा जमलं तर उत्तम. उपचाराविनाच आकडा किती हलतो, ते यातून कळतं. नंतरचा बदल त्या हेलकाव्यापेक्षा मोठा असेल तरच त्याला बदल म्हणा.

शिवाय चाचणीचाही सराव होतो. दुसऱ्यांदा ग्लास हातात घेताना माणूस कमी बिचकतो. पहिल्या मोजणीत हा सराव उरकून गेला, की पुढचा आकडा अधिक विश्वासाचा होतो.

पायरी ४: प्रश्नावली, पण शहाणपणाने

ईट-१० ही दहा प्रश्नांची यादी आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, आणि बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढे तपासायचं. ती दोन-तीन मिनिटांत होते. पार्किन्सन्ससाठी खास तयार केलेली १५ प्रश्नांची एसडीक्यू आहे, आणि २६ प्रश्नांची म्युनिक डिसफेजिया टेस्टही. जगण्याच्या बाजूसाठी ४४ प्रश्नांची स्वॉल-क्यूओएल अधिक सखोल आहे, पण थकणाऱ्या माणसाकडून ती एका बैठकीत भरून घेणं जड जातं. माझ्या मते लहान प्रश्नावली दर वेळी आणि मोठी फक्त सुरुवातीला व शेवटी, हे पुरेसं आहे. पार्किन्सन्सची तीव्रता मोजणाऱ्या, न्यूरोलॉजिस्टकडच्या एमडीएस-यूपीडीआरएस पट्टीतही चावण्या-गिळण्याचा एक प्रश्न असतो, परंतु ० ते ४ अशा पाचच पायऱ्या असल्याने थेरपीचा बारीक फरक त्यात उमटत नाही.

दोन गोष्टी पक्क्या ठेवा. शुभार्थी आणि शुभंकर यांच्याकडून उत्तरं वेगवेगळी घ्या, एकमेकांसमोर नकोत. आणि दोन्ही वेळी तीच व्यक्ती उत्तर देणारी हवी. पहिल्यांदा पत्नीने आणि दुसऱ्यांदा मुलाने दिलेली उत्तरं शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

प्रश्नावलीचे गुण थेरपीनंतर बिघडले म्हणून घाबरूनही जाऊ नका. थेरपीत माणूस घशाकडे लक्ष द्यायला शिकतो. आधी न जाणवणारं अडकणं आता जाणवू लागतं. अशा वेळी प्रत्यक्ष गिळणं सुधारलेलं असतं आणि तक्रार वाढलेली असते. खरं काय ते पुढच्या चाचण्यांनी ठरवायचं.

पायरी ५: घड्याळ लावून पाणी पिण्याची चाचणी

साधी, स्वस्त आणि बदल दाखवणारी अशी ही चाचणी आहे. पण ज्यांच्या श्वासमार्गात पाणी जातं हे आधीच माहीत आहे, ज्यांना नुकताच न्यूमोनिया झाला आहे, किंवा जे नीट जागे नाहीत, त्यांच्यावर ती करू नका. घरी तर करूच नका. प्रशिक्षित थेरपिस्ट समोर हवा.

शुभार्थीला ताठ बसवा. आधी चमचाभर पाणी देऊन पाहा. खोकला आला, आवाज ओला-घरघरीत झाला किंवा श्वास बदलला तर तिथेच थांबा. सगळं ठीक असेल तर १५० मिली पाणी मोजून ग्लासात द्या आणि सांगा, "तुम्हाला सोसेल तितक्या भराभर प्या." पाणी खालच्या ओठाला लागताच घड्याळ सुरू करा. शेवटच्या गिळण्यानंतर कंठमणी खाली येऊन स्थिर झाला की बंद करा. कंठमणी किती वेळा वर उचलला गेला ते मोजा. ग्लासात पाणी उरलं तर तेही मोजा आणि वजा करा.

समजा, उपचाराआधी १५० मिली प्यायला ३० सेकंद आणि १५ घोट लागले. वेग सेकंदाला ५ मिली, एका घोटात १० मिली. उपचारानंतर २० सेकंद आणि १२ घोट लागले. वेग ७.५ मिली झाला, घोट १२.५ मिलीचा झाला. सेकंदाला १० मिलीपेक्षा कमी वेग असेल तर तो मंद मानण्याचा प्रघात आहे, तेव्हा हा माणूस अजून त्या रेषेच्या खालीच आहे, पण सरकला आहे. सोबत पिताना किंवा नंतर मिनिटभरात खोकला आला का, आवाज बदलला का, हे लिहायला विसरू नका. वेग वाढला आणि खोकलाही सुरू झाला, तर ती सुधारणा नाही, घाई आहे.

घट्ट केलेल्या द्रवांवर चाचणी घेत असाल, तर दाटपणा दर वेळी सारखा आहे याची खात्री करा. द्रवांच्या दाटपणाच्या पातळ्या ठरवून देणाऱ्या आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची सिरिंज पद्धत यासाठी सोपी आहे. त्यांनी सांगितलेल्या मापाच्या सिरिंजमध्ये १० मिली द्रव भरून १० सेकंद वाहू द्यायचा आणि उरलेला मोजायचा. १ ते ४ मिली उरला तर पातळी १, ४ ते ८ उरला तर पातळी २, त्याहून जास्त उरून थोडाच वाहिला तर पातळी ३. गार आणि कोमट द्रवाचा दाटपणा वेगळा येतो, म्हणून तापमानही तेच ठेवा.

घन पदार्थासाठी टोमास नावाची चाचणी आहे. ठरावीक कोरडं बिस्किट खायला द्यायचं आणि किती चावे घेतले, किती वेळा चावलं, किती वेळा गिळलं, एकूण किती सेकंद लागले ते मोजायचं. बिस्किट दर वेळी तेच हवं.

पायरी ६: आतलं चित्र

श्वासमार्गात खरंच काय जातं ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी दोन तपासण्या आहेत. एकात बेरियम मिसळलेला पदार्थ गिळताना क्ष-किरणांचा चलचित्रपट घेतात, म्हणजे व्हिडिओफ्लोरोस्कोपी. दुसरीत नाकातून बारीक दुर्बीण घालून घशात पाहतात, तिला फीज म्हणतात. फीजमध्ये किरणोत्सर्ग नसतो, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा करता येते आणि घशात साठलेली लाळही दिसते. आधी एक आणि नंतर दुसरी तपासणी करून तुलना मात्र करू नका. तपासणी तीच, घोटांची मापं तीच, क्रमही तोच ठेवा. व्हिडिओफ्लोरोस्कोपीचं चित्रण सेकंदाला ३० चित्रांच्या गतीने मागून घ्या. त्याहून कमी गतीत क्षणभर आत जाऊन परतलेला थेंब निसटू शकतो.

सुरक्षिततेसाठी १९९६ पासून वापरात असलेली आठ पायऱ्यांची पेनिट्रेशन-अ‍ॅस्पिरेशन पट्टी घ्या. १ म्हणजे श्वासमार्गात काहीच गेलं नाही. २ ते ५ मध्ये पदार्थ स्वरतंतूंच्या वर किंवा थेट त्यांच्यापर्यंत येतो. ६ ते ८ मध्ये तो स्वरतंतूंच्या खाली उतरतो: ६ मध्ये बाहेर फेकला जातो, ७ मध्ये प्रयत्न करूनही निघत नाही, आणि ८ मध्ये शरीर प्रयत्नच करत नाही.

ही शेवटची पायरी नीट पाहा. ८ वरचा माणूस शांतपणे जेवतो, ठसका नाही, तक्रार नाही. थेरपीने जाणीव आणि खोकल्याचा जोर सुधारून तो ७ वर किंवा ६ वर आला, की त्याला ठसके लागू लागतात. घरचे काळजीत पडतात, "आधी बरं होतं, आता खोकतात." वास्तविक त्याचं शरीर आता आत गेलेलं बाहेर काढायला धडपडतंय. उलट, पूर्वी ठसका लागणारा माणूस गप्प झाला, तर तो ७ वरून ८ वर गेलेला असू शकतो. ठसक्यांची मोजदाद एकटी वापरू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

या पट्टीची सरासरीही काढू नका. ३ वरून २ वर येणं आणि ८ वरून ७ वर येणं यांत अंतर एकाच अंकाचं दिसतं, अर्थ मात्र पूर्ण वेगळा आहे. प्रत्येक घोटाचे गुण वेगळे लिहा. सर्वांत वाईट गुण कोणता आणि तो किती घोटांमध्ये आला, हे दोन्ही नोंदवा. दहा घोटांपैकी सहांत ८ आणि दहांपैकी एकात ८, यात सर्वांत वाईट गुण सारखाच, पण माणूस बराच सुधारलेला. निरोगी माणसातही २ अधूनमधून दिसतो, त्याचा बाऊ नको.

घशात उरणाऱ्या अंशासाठी फीजवर येल पट्टी चालते. जिभेच्या मुळामागची खोबण आणि स्वरयंत्राच्या बाजूच्या खोबणी, दोन्हींना वेगवेगळे गुण देते.

गुण कोण देतं हेही महत्त्वाचं आहे. आपण स्वतः मेहनत घेऊन थेरपी दिलेली असते, तेव्हा 'नंतरची' चित्रफीत पाहताना डोळे उदार होतात. फितींची नावं बदलून, तारखा झाकून, आधीच्या-नंतरच्या मिसळून सहकाऱ्याला द्या. काही फिती त्याला पुन्हा दाखवून त्याचे गुण स्वतःशीच जुळतात का, हेही पाहा.

पायरी ७: खोकल्याचा जोर आणि ताटावरचं जेवण

पीक फ्लो मीटरला मुखपट्टी जोडून जोरात खोकायला सांगा, तीन प्रयत्नांतला सर्वोत्तम आकडा घ्या. चुकून आत गेलेलं बाहेर फेकायची ताकद किती, याचा अंदाज त्यातून येतो. सांगून काढलेला खोकला आणि आपोआप येणारा खोकला वेगळे असतात हे लक्षात असू द्या.

मग एक पूर्ण जेवण पाहा. शांत खोलीत, थेरपिस्टच्या सूचनांवर लक्ष एकवटून पार्किन्सन्सचा माणूस छान गिळतो. घरी टीव्ही चालू असतो, कुणीतरी बोलत असतं, आणि लक्ष विभागलं की गिळणं बिघडू शकतं. जेवणाच्या सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं स्वतंत्रपणे नोंदवा, कारण थकवा शेवटी दिसतो. जेवण अर्ध्या तासापेक्षा लांबतं का तेही पाहा.

आहाराची पातळी एफओआयएस पट्टीवर लिहितात. १ म्हणजे तोंडाने काहीच नाही, ७ म्हणजे कुठलंच बंधन नाही. पण ही पट्टी माणसाची क्षमता सांगते तितकाच आपला सल्लाही सांगते. आपणच सगळं घट्ट आणि मऊ द्यायला सांगितलं, तर पातळी खाली येईल. त्यात आजार वाढला असं काही नाही.

पायरी ८: किती दिवसांनी पुन्हा मोजायचं

थेरपी संपताना एकदा आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा. दुसरी मोजणी टाळू नका. व्यायामाने मिळालेला फायदा व्यायाम थांबल्यावर किती टिकतो, हे तिच्यातूनच कळतं.

२०१० साली प्रसिद्ध झालेली उच्छ्वास-स्नायूंच्या व्यायामाची चाचणी पद्धत म्हणून पाहण्यासारखी आहे. पार्किन्सन्स असलेल्या ६० जणांपैकी काहींना फुंकताना रोध करणारं खरं उपकरण, काहींना तसंच दिसणारं पण रोध नसलेलं उपकरण दिलं. चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला २५ फुंकी. खऱ्या उपकरणाच्या गटात श्वासमार्गाची सुरक्षितता सुधारली. नकली उपकरणाचा गट होता म्हणूनच ती सुधारणा सरावाची किंवा आशेची नव्हे, असं म्हणता आलं.

दुसरा धडा २००८ सालच्या अभ्यासाचा. पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश किंवा दोन्ही असलेल्या ७११ जणांना क्ष-किरणांखाली पाहिलं, तेव्हा हनुवटी खाली घेऊन पातळ द्रव पिण्यापेक्षा घट्ट द्रव घेताना श्वासमार्गात कमी गेलं. पुढे त्यांतल्या ५१५ जणांवर तीन महिने लक्ष ठेवलं. न्यूमोनियाच्या प्रमाणात दोन्ही उपायांमध्ये ठाम फरक आढळला नाही, आणि घट्ट द्रव घेणाऱ्यांमध्ये शरीरातलं पाणी कमी होण्याच्या घटना अधिक दिसल्या. त्या दिवशीचं चित्र आणि पुढच्या महिन्यांतलं आरोग्य ही दोन वेगळी मापं आहेत. एकावरून दुसऱ्याचा दावा करू नये.

घरची नोंदवही

शुभंकरांनी इतकंच लिहावं: आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन, दोन ठरावीक जेवणांना लागलेला वेळ आणि त्याआधी गोळी कधी घेतली ती वेळ, गोळी घशात अडकली का, दिवसभरात साधारण किती पाणी गेलं, ताप किंवा छातीत घरघर. रोज पानभर लिहायला घेतलं तर वही दोन आठवड्यांत बंद पडते.

महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन नकळत घटलं, ताप आला, धाप लागली, अन्न अडकून श्वास कोंडला किंवा गोळ्याच गिळता येईनाशा झाल्या, तर पुढच्या मोजणीची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. गोळ्या फोडायच्या-विरघळवायच्या असतील तर तेही आधी विचारून, कारण हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या चुरगळून चालत नाहीत.

निकाल लिहिताना

पार्किन्सन्स हळूहळू वाढणारा आजार आहे. वर्षभरानंतर आकडे जिथल्या तिथे असतील, तर "फरक नाही" असं लिहू नका. "पातळी टिकून आहे" असं लिहा, आणि दरम्यान आजाराचा टप्पा व औषधं कशी बदलली ते शेजारी नोंदवा.

केसपेपरवर मी साधारण असं लिहीन: "मुख्य माप सुरक्षितता. गोळीनंतर ६० मिनिटांनी, ऑन अवस्था, दोन्ही वेळी फीज, पातळ द्रवाचे दहा घोट. आधी सर्वांत वाईट गुण ८, सहा घोटांत. नंतर सर्वांत वाईट गुण ७, दोन घोटांत. खोकल्याचा जोर वाढला. पाणी पिण्याचा वेग ५ वरून ७.५ मिली. प्रश्नावलीत तक्रार किंचित वाढली, जाणीव सुधारल्यामुळे असावी. वजन स्थिर. मधल्या काळात औषधबदल नाही. घरच्यांना ठसक्याचा अर्थ समजावला. पुढची मोजणी तीन महिन्यांनी, याच वेळी."

हीच नोंद साध्या शब्दांत लिहून तिची एक प्रत शुभार्थीच्या हाती द्या. पुढच्या वेळी न्यूरोलॉजिस्ट डोस बदलतील, तेव्हा गिळण्याचं काय झालं हे सांगायला शुभार्थीकडे तीच असेल.